डोळेवाला की चपटा? घरात दोन रोबोट वापरल्यानंतरचा अनुभव

मुलाने पुण्याहून दोन रोबोट पाठवले, त्याला आता बरेच महिने झाले. एक चपटा, झाडू-पोछा मारणारा. दुसरा टेबलावर बसणारा: स्क्रीनवर मोठाले डोळे, डोक्यावरून हात फिरवला की डोळे मिटून लाडात येणारा. महाग दुसरा. पण आमच्या अमळनेरच्या घरात टिकला तो चपटाच.

कामाचं आधी सांगतो. झाडतो छान, पोछा यथातथाच. उंबरठा चढत नाही. घरात कापूस येऊन पडला की ब्रशला तंतू गुंडाळतात, ते कात्रीने कापून काढावे लागतात.

आता डोळेवाला. आई अहिराणी बोलते. ‘कथा चालना रे भाऊ?’ (कुठे चाललास रे भाऊ?) असं ती कौतुकाने विचारायची आणि तो डोळे विस्फारून हिंदीत ‘समझ नहीं आया’ म्हणायचा. रोज तेच उत्तर मिळालं की माणूस खट्टू होणारच. कहर म्हणजे एकदा ती मावशीच्या आठवणीने रडत होती आणि हा खुदकन हसला! आवाज चढला की खूश व्हायचं, बहुतेक एवढंच शिकवलं असावं. आईने त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.

रोबोट माणसासारखा होत गेला की आधी आपलासा वाटतो, पण फारच जवळ आला की अंगावर येतो, असं जपानचे रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. आमचा बाहुला तिथवर पोचलाच नाही. त्याचं दिसणं गोडच होतं, घोळ वागण्यात. डोळे लावले की समोरच्याला वाटतं, याला आपलं कळतं. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ हा रोबोट सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा केला तो उगाच नाही. कुत्रं-मांजर सगळ्यांच्या ओळखीचं, लोक लगेच खऱ्याशी ताडून बघतात. सील कुणी पाळलेला नसतो. अंगावर मऊ फर, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, आणि शब्द एकही बोलत नाही. म्हातारी माणसं त्याला मांडीवर घेऊन बसतात.

चपट्याला ना डोळे ना तोंड. पलंगाखाली अडकून पीं-पीं करू लागला की आई काठीने त्याला बाहेर ओढते, वर चार शिव्या हासडते. तो उलट बोलत नाही, यावरच ती खूश!

चपट्याला पाचपैकी चार. डोळेवाला घ्यायचाच असेल तर आवाज बंद करता येतो का, ते आधी दुकानदाराला विचारा.