आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) वॉटर हीटरचा नायलॉन ड्रेन प्लग (टाकी रिकामी करायचं बूच), 2 चा पॅक: 4 स्टार

तिसरा सीझन चालू आहे म्हणून आता लिहितेय. आमचा हीटर ॲटवूडचा, 6 गॅलनचा, टाकी ॲल्युमिनियमची, त्याला कंपनीकडूनच अर्धा इंची नायलॉनचा प्लग येतो. मला आधी वाटायचं गरम पाण्याच्या टाकीला प्लॅस्टिकचं बूच कसं टिकणार, म्हणून मी तो काढून पितळी ड्रेन कॉक बसवला होता, नुसता फिरवला की पाणी खाली, दरवेळी पाना शोधायला नको. दोन वर्षांनी काढायला गेले तर जागचा हलेचना. पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम गंजत जातं, आट्यांमध्ये सगळी पांढरी भुकटी साचली होती, टाकीचे आटे वाचले हे नशीबच. शिवाय कॉकचं भोक इतकं बारीक की पाणी निघून जायचं आणि क्षाराचे खडे तळाशी तसेच राहायचे.

नायलॉन मऊ आहे ना, तेच हवंय. जोर जास्त पडला तर प्लगचे आटे जातात, टाकीचे नाही, आणि प्लग काय, पॅकमधला दुसरा लावायचा. प्लग पूर्ण निघाल्यामुळे तोंड मोकळं होतं, मग वाकडी नळी आत घालून धुतलं की काय काय बाहेर येतं ते एकदा बघाच.

उघडताना मात्र घाई नको हं. गॅस आणि वीज दोन्ही बंद, पाणी गार होऊ द्यायचं, पंप किंवा बाहेरचा नळ बंद, रिलीफ व्हॉल्व्ह उचलून प्रेशर काढायचं आणि मगच प्लगला हात लावायचा, नाहीतर गरम पाणी थेट अंगावर येतं, हे मनापासून सांगतेय. बसवताना टेफ्लॉन टेपचे 2-3 वेढे, पहिले आटे हातानेच धरू द्यायचे, सरळ बसतोय असं वाटलं की मग सॉकेटने थोडंसंच आवळायचं.

एक स्टार कापला कारण डोक्याचे कोपरे फार लवकर झिजतात. पकड अजिबात वापरू नका, नीट बसणारं सॉकेटच घ्या.

आणि सबर्बन कंपनीचा हीटर असेल तर हा घेऊ नका, त्याची टाकी स्टीलची, तिथे पाऊण इंची प्लगला ॲनोड रॉड जोडलेला असतो, टाकीऐवजी तो झिजतो, त्यामुळे बराचसा खाल्ला गेला की रॉडच नवा लावायचा, साधा प्लग लावून चालत नाही.

प्लग लावून झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरा, हवा फुसफुसायची थांबून धार सलग आली की मगच विजेचं बटण चालू करा, रिकाम्या टाकीत पाणी तापवणारं एलिमेंट लगेच जळतं.