ओबीडी स्कॅनर आणि सलाइनच्या चार नळ्या: डिझेल गाडीच्या मिसिंगवर नऊ महिने

नऊ महिने झाले हा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं यंत्र, वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. घेण्याआधी बरेच रिव्ह्यू वाचले होते, सगळे दोन दिवस वापरून लिहिलेले, कोड दिसला की खूश. कोड दिसल्यावर पुढं काय करायचं ते कुणी लिहिलंच नव्हतं, म्हणून हे जरा लांबणार.

गाडी २०१५ ची डिझेल, कॉमन रेल (डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधनं डिझेल), चार सिलेंडर, १ लाख ३८ हजार किमी झालेली. मागच्या नोव्हेंबरात, साताऱ्यात थंडी पडायला लागली तशी सकाळी मिसिंग मारायला, म्हणजे इंजिन अडखळायला लागलं. स्टेअरिंगवर हात ठेवला तर बोटांना झिणझिण्या याव्यात इतकी थरथर, सायलेन्सरमधनं पांढरट धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की बरीचशी शांत व्हायची, पण यवतेश्वरचा घाट चढताना दुसऱ्या गिअरला मध्येच धक्के. एका गॅरेजवाल्यानं बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, चारही इंजेक्टर गेलेत, पन्नास हजार धरून चाला. एवढे पैसे घालायचेच असतील तर आधी नेमकं काय गेलंय ते मला कळायलाच पाहिजे, असं ठरवलं.

स्कॅनर दोन घेतले. पहिला ४०० रुपयांचा, ईएलएम ३२७ चिपची नक्कल, माझ्या गाडीशी कनेक्टच झाला नाही. दुसरा १४०० चा, तोच आजपर्यंत वापरतोय. आपल्याकडं एप्रिल २०१३ पासून बीएस ४ गाड्यांना ओबीडी २ सक्तीचं झालं, त्यामुळं नंतरची गाडी असेल तर डॅशबोर्डखाली १६ पिनचं सॉकेट सापडणारच.

कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबर सिलेंडरला मिसफायर. इथंच लोक फसतात. हा कोड इंजेक्टर खराब आहे असं सांगत नाही, दोन नंबरला जळण नीट होत नाही एवढंच सांगतो. इंजेक्टर असेल, इंजेक्टरखालची वायसर लीक असेल, थंडीत सिलेंडर तापवणारा हीटर प्लग असेल, कॉम्प्रेशनही गेलेलं असेल. आणि दोन नंबर कुठनं मोजायचा तेही आधी मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेक गाड्यांत बेल्टच्या बाजूनं मोजतात पण रेनॉच्या दीड लिटर डिझेलसारख्या काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बाजूनं मोजतात, चुकलात तर चांगला इंजेक्टर काढून बसाल.

मला जास्त उपयोग झाला तो लाइव्ह डेटाचा, म्हणजे चालू इंजिनचे आकडे मोबाईलवर दिसतात त्याचा. आयडलिंगला रेल प्रेशर २८० ते ३०० बारच्या आसपास स्थिर, म्हणजे पंप दम धरून होता. पण सकाळी सेल्फ मारताना तेच प्रेशर हळूहळू वर यायचं, तेव्हाच वाटलं की कुठनं तरी डिझेल परत निसटतंय.

तरी आधी स्वस्तातलं केलं. फिल्टरचा खालचा नट सैल करून काचेच्या ग्लासात डिझेल काढलं आणि दहा मिनिटं ठेवलं, तर तळाला बोटभर पाणी, वर पिवळं डिझेल, मध्ये सरळ रेघ. फिल्टर बदलला, हवा काढली, घाटातले धक्के कमी झाले, सकाळची थरथर तशीच. मल्टीमीटरनं चारही हीटर प्लग मोजले, सगळे एक ओहमच्या आत, म्हणजे ठीक.

मग रिटर्नची टेस्ट, म्हणजे कुठल्या इंजेक्टरमधनं किती डिझेल न फवारता परत जातंय ते मोजायचं, झिजलेल्यातनं जास्त जातं. मेडिकलमधनं सलाइनच्या चार नळ्या आणि एकसारख्या चार बाटल्या आणल्या. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्नची बारकी नळी काढून तिथं सलाइनची नळी, मूळ रिटर्न लाइनला बूच, आणि इंजिन तीन मिनिटं आयडलिंगला. तीन बाटल्यांत साधारण २० मिली, दोन नंबरच्या बाटलीत पन्नासच्या वर. बाटल्या ओळीनं कट्ट्यावर ठेवल्या तेव्हा कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. फक्त तुमच्या गाडीला पिझो इंजेक्टर असतील तर हे असं करू नका, त्यांना रिटर्न लाइनमध्ये दाब लागतो.

हे चाललेलं असताना आबा पाना घेऊन आले. त्यांनी उभा जन्म ट्रॅक्टर चालवलाय, एकेका इंजेक्टरचा पाइप चालू इंजिनवर सैल करायचा, ज्याच्यानं आवाजात फरक पडत नाही तो सिलेंडर मेलेला, ही त्यांची पद्धत. जुन्या पंपाच्या इंजिनला ती बरोबरच आहे. मी हात धरला, म्हटलं आबा, या गाडीला चालू इंजिनवर पाना लावू नका. आयडलिंगलाच ३०० बार, रेस दिली की दीड हजाराच्या पुढं, ती धार कातडीतनं आत जाते, वर टाचणीएवढी जखम दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं, हात गमवायची वेळ येते. असं कधी झालंच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखाना. आबांनी पाना ठेवला आणि बाटल्या धरायला बसले.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना दोन नंबर काढला. खालच्या तांब्याच्या वायसरला काळा कडक कार्बन, म्हणजे तिथनं गॅसही थोडा लीक होत होता. बसायची जागा स्वच्छ केली, वायसर नवीनच टाकली, जुनी परत कधीच वापरू नका. इंजेक्टर एमआयडीसीतल्या पंप-नोझलवाल्या काकांकडं दिला, त्यांनी मशीनवर लावून व्हॉल्व्ह झिजलाय ते दाखवलं. रिपेअर ४८०० रुपये. चारातला एकच.

आता स्कॅनरची खरी कमतरता. इंजेक्टरवर एक कोड कोरलेला असतो, रिपेअर किंवा बदली केली की तो ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, टाकावा लागतो आणि हे १४०० चं यंत्र ते करू शकत नाही. बिनकोडचं चालवून बघितलं तर थरथर अर्धीच गेलेली. काकांच्याच मोठ्या स्कॅनरवर ५०० रुपये देऊन टाकून घेतला, तेव्हा इंजिन असं शांत झालं की मी दोनदा आरपीएम बघितला.

त्यानंतर ११ हजार किमी झाले. ॲव्हरेज साडेसतरावरनं वीसच्या वर. स्कॅनर बाकीही कामाला आला, दाजींच्या पिकअपचा मेलेला हीटर प्लग कोडवरनं सापडला, आणि खंबाटकी चढताना कूलंटचं टेंपरेचर मोबाईलवर दिसतं ते मला फार आवडतं. तक्रारी म्हणाल तर ब्लूटूथ मधनंच तुटतं, आणि सॉकेटमध्येच विसरून आठवडाभर गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरते, माझी एकदा उतरली.

परवा पी ०४०१ आलाय, ईजीआरचा, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, फ्लो कमी. व्हॉल्व्ह काजळीनं भरला असणार. रविवारी काढून बघतो, आबा आत्तापासूनच डबा आणि ब्रश शोधतायत.