पुणे की हैदराबाद? पावसाळी रेसला नागपूरहून जायचं तर

नागपुरात रेसकोर्स नाही, त्यामुळे आपल्याकडच्या रेसवाल्याला आधी रेल्वेचं टाइमटेबल पाठ करावं लागतं आणि मग रेसकार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांची यादी. मुंबईचा सीझन हिवाळ्यातला, त्याचं गणित वेगळं. पावसाळ्यात मात्र आपल्याला धड पर्याय दोनच, एक पुणे आणि दुसरं हैदराबादचं मलकपेट. बंगळुरूला २०२४ मध्ये लायसन्सचा वाद हायकोर्टात गेला आणि ऐन सीझनमध्ये रेस अडकल्या, तेव्हापासून तिकडचं आगाऊ बुकिंग करायला माझा तरी हात धजत नाही. म्हैसूर म्हणजे जाण्यायेण्यातच आठवडा संपला. तर या दोघांतलं कुठलं, एवढंच बोलू. टोट काय, हँडिकॅप कसा लागतो, क्विनेला कशाला म्हणतात, हे माहीत आहे असं धरतो.

दोन्हीकडे माझं जाणं झालंय, एकट्यानेही आणि साळ्याला घेऊनही.

आधी पुण्याची बाजू, कारण मनाने सगळे पुण्याकडेच झुकतात. घोडे चांगले, यात वादच नाही. मुंबईचे तबेले पावसाळ्यात पुण्याला येतात, म्हणजे जे घोडे डिसेंबरात मुंबईत महालक्ष्मीला गिनीज या मोठ्या रेसमध्ये आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बीत पळायचे, ते इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तीन वर्षांचे, अजून अंगाने न भरलेले बघायला मिळतात. पुणे डर्बीच्या दिवशी पॅडॉकला, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, उभं राहून एखादं घोडं आवडलं आणि तेच पुढे फेब्रुवारीत २४०० मीटरला पळताना मोबाईलवर बघितलं की जी मजा येते ती पैसे लागण्याच्या मजेपेक्षा मोठी आहे, निदान मला तरी. शिवाय भाषा आपली, पाट्या आपल्या, कॅम्पातलं खाणं आहेच. आणि राहायचा खर्च नाही, कारण नागपूरच्या प्रत्येक घरातलं एक तरी पोरगं पुण्यात नोकरीला आहेच.

फक्त ते पोरगं राहतं वाकडला नाहीतर हिंजवडीला. रेसकोर्स कॅम्पात. रविवारी दुपारी वाकडहून कॅम्पात जायचं, ते पण पावसात, म्हणजे पहिली रेस रिक्षातच ऐकायची. भाचा म्हणतो मामा जेवून निघा, आणि जेवून निघालं की तिसरी रेस सुरू असते. नातेवाइकांकडे उतरून रेसला जाणं हा प्रकारच मुळात कठीण आहे राजेहो, संध्याकाळी घरी आल्यावर किती जिंकले विचारतात आणि आपण काहीही आकडा सांगितला तरी तो त्यांना पटत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर पुणे आपल्याला लांबच. रात्रीच्या गाड्या आहेत, ट्रॅव्हल्स आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून अजनीहून वंदे भारत सुद्धा आहे, पण तीही बारा तास घेते. दिवसभर खुर्चीत बसून रात्री पुण्यात उतरायचं, म्हणजे शनिवार गाडीत गेला. समृद्धीने गाडी घेऊन जाणारे जातात, पण एकट्याने एवढं ड्रायव्हिंग करून परत रविवारी रात्री निघायचं आणि सोमवारी ऑफिसात बसायचं, हे पंचविशीत ठीक आहे.

हैदराबादला सकाळी ५ ची वंदे भारत पकडली की सव्वाबाराला सिकंदराबाद. रेस साधारण दुपारी दीड-दोनच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे पाठीवरच्या बॅगेसकट सरळ मलकपेट. तिथे त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे, एकदोनदा बदलावी लागते, नाहीतर ऑटो. पहिली रेस थोडी हुकेल, दुसरी नाही हुकत. घरून पहाटे रेल्वेने निघालेला माणूस दुपारी रेलिंगला उभा असतो, हे नागपूरकराला दुसऱ्या कुठल्याच रेसकोर्सवर शक्य नाही.

मलकपेट मात्र दिसायला पुण्यासारखं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर मला शिव्या द्याल. सहाव्या निजामाने १८८६ मध्ये रेस मौला अलीहून इथे आणल्या तेव्हा मोकळं रान असेल, आता चारी बाजूंनी शहर चढलंय. गर्दी जास्त, आवाज जास्त, साध्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या भागात, रेसच्या शेवटच्या दोनशे मीटरला जो कल्ला होतो त्यात कॉमेंटरी ऐकू येणं विसरा. पण दखनी बोलणारी ती पब्लिक आणि आपलं नागपुरी हिंदी यांचं मस्त जमतं. शेजारच्याला घोडा विचारला तर तो घोडा सांगतो, घोड्याचा बाप सांगतो, मागच्या वेळी जॉकीने काय गडबड केली ते सांगतो आणि शेवटी स्वतः वेगळ्याच नंबरवर पैसे लावून येतो. बाहेर इराणी चहा.

इथपर्यंत तरी मामला बरोबरीचा, घोडे पुण्याचे, प्रवास हैदराबादचा. माझा काटा झुकला तो वेगळ्याच कारणाने. ती एकच कटकट आहे आणि ती या दोघांपैकी कोणाचीही देणगी नाही, ती मला दक्षिणेतल्या तिसऱ्याच एका सेंटरला मिळाली, नाव घेत नाही.

झालं असं की बरेच दिवस आधी तिकीट काढून, हॉटेल ठरवून, सुटी टाकून गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पहिल्या दोन रेस झाल्या. तिसरीत वळणावर एका घोड्याचे मागचे पाय सरकले, पडला नाही, जॉकीने सावरला, पण मग पाच-सहा जॉकी आणि दोघं ऑफिशियल छत्र्या घेऊन त्या वळणापर्यंत चालत गेले. मी जवळच रेलिंगला टेकून बघत होतो. त्यातला एक जुना जॉकी बुटाची टाच गवतात रोवायचा, टाच उचलली की त्या खड्ड्यात लगेच पाणी भरायचं, तो शेजारच्याला बोट करून दाखवायचा, दोन पावलं पुढे, परत टाच, परत पाणी. माइकवर काही सांगायच्या आधीच कळलं की आज काही खरं नाही.

थांबवलं ते बरोबरच केलं. घोड्याचा पाय मोडला की पुढे त्याचं काय होतं ते रेसवाल्याला सांगायला नको, आणि जॉकीचाही जीव आहे. माझं भांडण थांबवण्याशी नाहीच, भांडण त्याच्या नंतरचं आहे. तासभर "निर्णय थोड्याच वेळात कळवण्यात येईल" एवढंच. मग उरलेल्या रेस रद्द. त्या परत कधी, तर काउंटरवाला म्हणतो वेबसाइट बघा, वेबसाइटवर आजचंच कार्ड. लोक रेसबुकं डोक्यावर धरून गेटकडे निघाले, कोणाला काहीच माहीत नाही. नंतर कळलं की राहिलेल्या रेस आठवड्याच्या अधल्यामधल्या एका वारी घातल्या, तोवर मी नागपुरात फाइली बघत होतो. गावातल्या माणसाला काय, तो संध्याकाळी रिक्षा करून येईल. बाहेरगावचा माणूस त्यांच्या हिशोबातच नाही.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो, दिवस हुकला तर माझं किती जातं?

कारण दिवस हुकणारच. पाऊस पुण्यालाही आहे आणि मलकपेटलाही, ट्रॅक किती मऊ झालाय ते पेनेट्रोमीटरने मोजतात, आकडा सांगतात, तरी प्रत्यक्ष घोडा पळाल्याशिवाय कोणालाच पक्कं कळत नाही. ते समजू शकतो. पण बाकीच्या शेड्यूलचं काय? सीझनआधी प्रॉस्पेक्टस, म्हणजे रेसच्या तारखांची पुस्तिका, निघतो, त्यावर भरवसा ठेवून आपण तिकीट काढतो, रेल्वे हल्ली साठ दिवस आधी बुकिंग देते, आणि कोणते घोडे पळणार हे कळतं रेसच्या दोन-तीन दिवस आधी. कधी एंट्र्या कमी म्हणून एखादी रेस गळते, कधी दिवसच सरकतो. एका सेंटरचा मोठा दिवस आणि दुसऱ्याचा मोठा दिवस एकाच रविवारी आले तरी कोणाला सोयरसुतक नसतं. बरं, हे एकमेकांशी बोलतच नाहीत असंही नाही. इन्व्हिटेशन कप दरवर्षी आळीपाळीने वेगवेगळ्या सेंटरला भरवतातच की. शिवाय इंटरव्हेन्यू बेटिंग, म्हणजे एका गावात बसून दुसऱ्या गावच्या रेसवर पैसे लावणं, आहे, मलकपेटला उभं राहून पुण्याची रेस स्क्रीनवर दिसते, पुण्यात मलकपेटची, आणि त्यासाठी दोन गावच्या रेस एकमेकींवर आदळू नयेत म्हणून वेळा मिनिटांच्या हिशोबाने लावतात. मिनिटं जुळतात पण तारखा जुळत नाहीत, काहून? माझ्या मते कारण सरळ आहे, पैसा स्क्रीनसमोरच्या माणसाकडून येतो, रेलिंगवरच्या माणसाकडून नाही, आणि रेल्वेने आलेल्या माणसाकडून तर मुळीच नाही. यंदा आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत एखाद्या मंडळाने रेसच्या कॅलेंडरचा बडग्या, म्हणजे टर उडवायचा पुतळा, काढला तर मी वर्गणी देईन.

यात सगळा दोष क्लबांचाही म्हणता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, करात मात्र त्याची गणना लॉटरी-कॅसिनोच्याच रांगेत. अशा वेळी क्लब आधी धंदा वाचवायला बघणार, आपली तिकिटं नाही. मीही आता पूर्ण कार्ड खेळत नाही, दोन-तीन रेस निवडतो, बाकी नुसतं बघतो.

तर तो प्रश्न दोघांना लावून बघा. पुण्याचा दिवस हुकला तर जाऊन-येऊन जवळपास पूर्ण दिवसाचा प्रवास, सुटी आणि भाच्याच्या घरचा पाहुणचार, एवढं सगळं पाण्यात. रविवारला जोडून शनिवार मिळेलच असं नाही, ते प्रॉस्पेक्टसमध्ये बघावं लागतं, आणि मिळाला तरी शनिवारसाठी शुक्रवारी सकाळीच निघावं लागतं किंवा रात्र गाडीत काढावी लागते. हैदराबादला मान्सूनमध्ये बहुतेकदा रविवार-सोमवार अशी जोडी असते. एका सुटीत दोन दिवस. रविवारी गडबड झाली तर सोमवार हातात आहे, आणि दोन्ही गेले तरी रात्रीच्या गाडीने सकाळी माणूस घरी. सोमवारची सुटी टाकावी लागते हे खरं, पण साहेबाला सोमवार मागणं सोपं, सोमवार-मंगळवार मागितले की तो वर बघतो.

हैदराबादचेही खडे आहेत, ते लपवत नाही. परतीची वंदे भारत सिकंदराबादहून दुपारी १ ला सुटते, म्हणजे रेसच्या दिवशी तिचा काडीचा उपयोग नाही. सोमवारची रेस बघून मंगळवारी आरामात तिनेच परत येऊ म्हणाल तर मंगळवारी ती गाडीच नसते. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी शेवटच्या रेसची वाट न बघता निघायचं, रात्रीची दिल्लीकडची गाडी धरायची आणि सकाळी नागपूर. स्लीपरमध्ये पावसाळ्याची ओल, कोणाचे तरी पाय आपल्या तोंडापाशी, हे सगळं आलं. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर मग पुणेच बरं पडेल कदाचित, मलकपेटच्या गर्दीत बायकोला आणि लहान पोरांना उभं करणं मला तरी जमलं नाही, वरच्या एन्क्लोजरचं तिकीट काढलं तर गोष्ट वेगळी. आणि ज्याला घोड्याची जात, चाल, अंग बघायचा खरा नाद आहे त्याला मी पुण्यापासून अडवणार नाही.

पण ज्याला एकच सुटी आहे, खिशात ठरलेले पैसे आहेत आणि घरी सांगून निघायचंय की मी अमुक वाजता परत येतो, त्याने आपलं हैदराबाद धरावं असं मला वाटतं. पुणे मी डर्बीपुरतं ठेवलंय, ते पण त्या आठवड्यात पुण्यात लग्न-मुंज काही निघालं तर. जाणार असाल तर जातानाचं तिकीट लवकर काढा, परतीची दोन काढून ठेवा, रविवार रात्रीचं एक आणि सोमवार रात्रीचं एक, आणि शनिवारी संध्याकाळी कार्ड बघून एक कॅन्सल करा. कापून जातात त्यात थोडे पैसे, पण हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा कमीच.