नमाजच्या वेळा सांगणारे ॲप : सात महिन्यांच्या वापरानंतर

हिंजवडीतील नोकरी आणि कोंढव्यातील घर यांच्यामध्ये रोज तीनेक तास रस्त्यावर जात असल्यामुळे, पाच वेळच्या नमाजांपैकी एखाददुसरी निसटणे माझ्या बाबतीत नित्याचेच झाले होते. म्हणून गेल्या डिसेंबरात नमाजच्या वेळा सांगणारे एक ॲप मोबाइलवर घेतले. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि या प्रकारची बहुतेक ॲप साधारण सारखीच असतात.

घेतल्याबरोबर सेटिंग तपासणे आवश्यक आहे. फज्र (पहाटेची नमाज) आणि इशा (रात्रीची) यांच्या वेळा सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली आहे यावरून काढतात. माझ्या ॲपमध्ये उत्तर अमेरिकेतील १५ अंशांची पद्धत आधीच निवडलेली होती. ती बदलून कराचीची १८ अंशांची पद्धत घेतल्यावर फज्र बारा-तेरा मिनिटे अलीकडे आली. रमजानमध्ये सहरी, म्हणजे रोज्याआधीचे पहाटेचे खाणे, संपण्याची वेळ याच आकड्यावर अवलंबून असल्याने ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

असरचा, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेचा, प्रश्न आमच्या घरात अधिक गमतीचा आहे. माझे माहेर चिपळूणचे, म्हणजे शाफई, आणि सासर पुण्याचे हनफी; हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ. मध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की शाफई मताने असर सुरू होते, हनफी मताने ती दुप्पट व्हावी लागते. पुण्यात या दोन वेळांत डिसेंबरात पाऊण तासाचे, तर जूनमध्ये सव्वा तासाचे अंतर पडते. ॲपमध्ये दोन्ही पर्याय आहेत, आणि डिसेंबरात तीन वाजून चाळीस मिनिटांची माझी माहेरची असर चारच्या मीटिंगच्या आधी निवांत होत असे. सासूबाई यावर हसतात, परंतु आक्षेप घेत नाहीत.

किब्ल्याची, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा दाखवणारे होकायंत्र मात्र कार्यालयातील लोखंडी कपाटाजवळ सरळ बहकते. पुण्याहून मक्का साधारण २८१ अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे, एवढे लक्षात ठेवले की काम भागते.

खरा फायदा मला दुपारी जाणवला. जोहरची (दुपारच्या नमाजेची) सूचना आली की जेवणाच्या सुट्टीतील मोबाइल चाळणे थांबते, दहा मिनिटे रिकाम्या खोलीत जातात, आणि परत येताना सकाळपासून डोक्यात घोळणारा ईमेल तितकासा तातडीचा वाटत नाही. जुम्याबद्दलच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेबद्दलच्या, कुराणातील आयतीत अजान झाल्यावर व्यापार सोडून या असे सांगितले आहे, आणि नमाज संपताच पृथ्वीवर पांगून अल्लाहची कृपा शोधा असेही; काम टाकून बसा असे त्यात कुठेच नाही. हा क्रम मला फार पटतो. त्याच सूचनेखाली झटपट वैयक्तिक कर्जाची जाहिरात येते, ही गोष्ट वेगळी. व्याज निषिद्ध मानणाऱ्या माणसाला ती दाखवणाऱ्याचे कौतुकच करावे लागेल.

माझी मोठी तक्रार आहे ती सलग दिवस मोजणाऱ्या खात्याविषयी. पाचही नमाजा झाल्या की हिरवी खूण, एक हुकली की आकडा पुन्हा शून्यावर. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीवर नमाज नसते आणि ती नंतर भरूनही काढायची नसते, तरीही महिन्याला पाच-सहा दिवस लाल फुल्या पडतात. असे दिवस वगळण्याची सोय मला सापडली नाही. त्याहून वाईट म्हणजे, एकदा बावीस दिवसांचा आकडा वाचवण्यासाठी ताप आलेल्या मुलीला सासूबाईंच्या हाती देऊन मी इशासाठी धावले. इशाची वेळ अजून कित्येक तास शिल्लक होती; घाई होती ती मध्यरात्री बंद होणाऱ्या खात्याची. रात्रभर उभे राहून नमाज पढणाऱ्या अबू दर्दा यांना सलमान फारसी यांनी (दोघेही प्रेषितांचे सहकारी) सांगितले होते की तुमच्या रबचा, म्हणजे पालनकर्त्याचा, तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या जिवाचा आहे आणि तुमच्या घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला द्या; प्रेषितांनी त्यास ‘सलमान खरे बोलले’ असे म्हटल्याचे बुखारी या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहात) आहे. दुसऱ्या दिवशी मी ते खाते बंद केले.

पैसे भरून जाहिराती घालवण्यास हरकत नाही, कारण वेळा अचूक आहेत. मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, हिवाळ्यातील सहापासून जुलैतील सव्वासातपर्यंत सरकते, आणि बसमध्ये ते आठवणीने सांगणारे दुसरे कोणी नसते. स्वयंपाकघरात मात्र अजूनही मशिदीतून आणलेला छापील तक्ता टांगलेला आहे. त्यात आणि ॲपमध्ये दोन मिनिटांचा फरक येतो, आणि यंदाच्या रमजानमध्ये आम्ही इफ्तार सासूबाईंच्या तक्त्याप्रमाणेच केला.