पंचावन्नाव्या वर्षी व्हीआरएस, आणि त्यानंतरचा आरोग्य विमा: बेळगावातून वर्षभराचा अनुभव

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी हिशेबखात्यात होते. मार्च २०२५ मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. यजमानांचे वडगावात चार माग आहेत, त्यांचं उत्पन्न सणासुदीवर हलतं. नोकरी सुटते त्या दिवशी कंपनीचा ग्रुप विमाही सुटतो, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्येच, पगार चालू असताना, आम्ही दोघांची स्वतंत्र पॉलिसी काढली होती. ५ लाखांचा फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून एकच रक्कम, आणि त्यावर २० लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे ५ लाखांच्या वरचा खर्च उचलणारी जोड पॉलिसी. आता क्लेमही झाला आहे, तेव्हा सांगण्यासारखं बरंच आहे.

सर्वात मोठा फायदा प्रतीक्षा काळाचा झाला. यजमानांचं ब्लड प्रेशर जुनं. आमच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षं थांबावं लागत होतं. ती मी नोकरीत असताना बहुतेक सरून गेली आणि ऑक्टोबर २०२५ ला संपली. व्हीआरएस घेतल्यावर पॉलिसी काढली असती, तर उत्पन्न सर्वात कमी असलेल्या वर्षांतच हा काळ मोजत बसावं लागलं असतं. लवकर निवृत्तीचा विचार मनात आला की पहिलं काम हेच करा. राजीनाम्याचं पत्र नंतर लिहिता येतं.

सुपर टॉप-अप का, हे एजंट नीट सांगत नाहीत. साध्या टॉप-अपमध्ये ५ लाखांचा टप्पा प्रत्येक आजारपणाला वेगळा ओलांडावा लागतो. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात. समजा एका वर्षात ४ लाखांची दोन बिलं झाली. साधा टॉप-अप काहीच देणार नाही, सुपर टॉप-अप वरचे ३ लाख देईल. प्रीमियममधला फरक फार नसतो, म्हणून साधा घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

गेल्या नोव्हेंबरात यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शहरातल्याच नेटवर्क हॉस्पिटलात, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, कॅशलेस केलं; बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते. दाखल होतानाची मंजुरी तासाभरात आली. घरी सोडताना मात्र सकाळी दहाला कागद गेले आणि संध्याकाळी साडेपाचला उत्तर आलं. डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यावी, उशीर झाल्यास हॉस्पिटलने लावलेला जादा खर्च विमा कंपनीने सोसावा, असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ पासूनचा नियम आहे. मी काउंटरवर तो शांतपणे सांगितला, तेव्हा खोलीचं जादा भाडं बिलातून निघालं. हा नियम पाठ असू द्या. हातमोजे, सिरिंज, असल्या वस्तूंचे काही हजार आमच्या खिशातून गेले, ते पॉलिसीत बसत नव्हते. बाकीचं सगळं बिल कंपनीने दिलं.

खोलीच्या भाड्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या जाऊबाई त्यात होरपळल्या. त्यांच्या ५ लाखांच्या पॉलिसीत भाड्याला १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० ची मर्यादा. खोली घेतली ८,००० ची. त्यांना वाटलं, वरचे ३,००० आपण भरू. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, या सगळ्याचेच ५,००० ला ८,००० या प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांशच पैसे मिळाले. औषधांना तेवढी ही कात्री लागली नाही. आमच्या पॉलिसीत सिंगल रूमपर्यंत मर्यादा नाही. त्यासाठी प्रीमियम थोडा जास्त पडतो, पण मी तो आनंदाने भरते.

आता पैशाचं गणित. ग्रॅच्युइटी आणि पीएफमधले १५ लाख मी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. साठीच्या आत असूनही हे जमतं: वय ५५ पूर्ण हवं आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांत गुंतवायला हवेत. पोस्टात आधी नाही म्हणाले. व्हीआरएसचं पत्र पुढे ठेवल्यावर खातं उघडलं. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये येतात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला. आमचा प्रीमियम ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात असतो, त्यामुळे जुलैच्या व्याजातले पंधरा हजार बाजूला ठेवले की ऑक्टोबरचं व्याज येताच भरणा होतो. मागांच्या पैशाला हात लावावा लागत नाही.

मागच्या खेपेला दोन्ही पॉलिसींचे ३८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, असे ४४,८४० भरले होते. यंदा वयामुळे मूळ रक्कम ४१,५०० झाली, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून एकूण कमीच भरले. वाढ यापुढेही होत राहणार, हे धरूनच चालले आहे. आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरची आयकराची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते. माझं उत्पन्न पाहता नव्या प्रणालीत करच लागत नाही, तेव्हा कर वाचवायला विमा हे कारण माझ्यापुरतं संपलं.

इथल्या लोकांनी दोन गोष्टी वेगळ्या बघायला हव्यात. आपण उपचाराला बेळगावातच थांबत नाही. मिरज, कोल्हापूर, प्रसंगी पुणे-बेंगळुरू. काही पॉलिसी छोट्या शहराच्या दराने स्वस्त मिळतात आणि मोठ्या शहरात दाखल झालं की बिलाचा हिस्सा आपल्यावर टाकतात. ते कलम शोधून वाचा, आणि मिरज-कोल्हापूरची नेटवर्क यादी आधी बघा. दुसरं, सरकारी आधार. खानापूर तालुक्यातले थोरले दीर कृषी पत्तीन संघामार्फत, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेमार्फत, कर्नाटक सरकारच्या यशस्विनी आरोग्य योजनेत आहेत. ग्रामीण भागात चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि ५ लाखांपर्यंतचे उपचार, ही योजना सहकारी सभासदांसाठी मोलाची आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देऊ केली, पण दोन राज्यांच्या वादात ती अडकू शकते. तिच्या भरवशावर चालू पॉलिसी बंद करू नका.

ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन मी अजून सुरू केलेली नाही. पन्नाशीनंतर केव्हाही घेता येते, पण ५८ च्या आधी दर वर्षामागे ४ टक्के कात्री लागते आणि ती जन्मभर राहते. व्याजावर भागतंय तोवर थांबणार. २०२८ ला पूर्ण पेन्शन सुरू झाली की ती थेट प्रीमियमच्या खात्यात वळवायची, असं आमचं दोघांचं ठरलं आहे.