कमी वापरातली यंत्रं घराबाहेर काढल्यावर: काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही ओट्यावरची आणि ट्रॉल्यांमधली बरीचशी यंत्रं घराबाहेर काढली. त्यानंतर गणपती, दिवाळी, संक्रांत झाली, पाहुणेरावळे येऊन गेले, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येतंय. फूड प्रोसेसर, रोटी मेकर, सँडविच टोस्टर, राइस कुकर, एअर फ्रायर आणि ओटीजी (केक-बिस्किटं भाजायचा विजेचा छोटा ओव्हन) गेले. मिक्सर, वेट ग्राइंडर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन राहिले. घरात माणसं पाच. सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे, रात्रीचा बायकोकडे आणि सणावारी सूत्रं आईच्या हातात.

फूड प्रोसेसरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त जागा त्यानेच अडवली होती. कणीक दोन मिनिटांत मळून होते, हे अगदी खरं आहे. पण मग भांडं, पातं, झाकण, दट्ट्या, सगळं धुवायचं. झाकणाच्या कडेची खाच तर पाहण्यासारखी असते. तिच्यात कणकेची बारीक वळी जाऊन बसते आणि एकदा वाळली की जुन्या टूथब्रशने खरवडल्याशिवाय निघत नाही. पात्याच्या पोकळ दांड्यातही तेच. परातीत पाच जणांची कणीक मळायला दहाएक मिनिटं लागतात आणि परात एका हाताने विसळून होते. तो गेल्यापासून काकडी चोचवायला विळी, गाजराला किसणी, आणि कशावाचूनही अडलेलं नाही. कुठलंही यंत्र घेताना काम किती वेळात होतं एवढंच दुकानात दाखवतात. ते काढणं, जोडणं, धुणं, पुसून परत ठेवणं हा वेळ धरला, तर रोजच्या स्वयंपाकातलं बरंचसं गणित बदलतं.

रोटी मेकरवर फार लिहावं असं काही नाही. दाबून केलेल्या पोळीला घडीच्या पोळीसारखे पदर सुटत नाहीत आणि डब्यात दुपारपर्यंत ती वातड होते. सँडविच तव्यावर होतं, भात कुकरमध्ये होतो.

एअर फ्रायर चांगलं यंत्र आहे. पण त्याच्या टोपलीत एका वेळी सहा-सात साबुदाणावडे मावायचे. पाच जणांसाठी तीन घाणे काढायचे, तोवर पहिला घाणा गार. आता कोथिंबीर वडी तव्यावर थोड्या तेलात परततो, सगळे एकदम गरम खातात.

खरी उणीव जाणवली ती ओटीजीची, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. केक आता कुकरमध्ये करतो, शिटी आणि रिंग काढून, तळाला मीठ घालून. फुगतो छान, पण वरून तांबूस रंग येत नाही. नानकटाईही तशी खुसखुशीत होत नाही. महिन्यातून दोनदा भाजणारं कोणी घरात असेल तर ओटीजी काढू नये. आमचा भाचीकडे गेला, ती त्याचं सोनं करते आहे.

वेट ग्राइंडर मात्र सगळ्यांनी पहिल्यांदा काढायला सांगितला होता. जड आहे, आवाज करतो, जागा खातो. तरी ठेवला. मिक्सरची पाती जोरात फिरून पीठ तापवतात. दगड संथ फिरतो, उडदाचं पीठ गार राहतं आणि हलकं होतं. कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, ते उगीच नाही. आमच्याकडे दर शनिवारी इडलीचं पीठ वाटलं जातं. मायक्रोवेव्ह राहिला तो मुलांसाठी. दुपारी घरी एकटी असली तर गॅस न पेटवता जेवण गरम करून घेतात.

सगळ्यात मोठा वाद सोऱ्यावरून झाला. ‘वर्षभरात न लागलेलं काढा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मी यादीत लिहून ठेवला होता. आई म्हणाली, “दिवाळीलाच लागतो म्हणून सोऱ्या टाकणार? मग गणपतीचा चौरंगही टाक.” तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. सोऱ्याशिवाय चकली होत नाही, पुरणयंत्राशिवाय पुरण तसं मऊ येत नाही, मोदकपात्र गणपतीत लागतंच. किती वेळा लागतं यापेक्षा त्याच्याशिवाय ते काम होतं का, हे विचारायला हवं. या तिन्ही वस्तू मिळून एका लहान पिशवीत मावतात आणि त्यांना प्लगही लागत नाही.

प्लगवरून आठवलं. आमच्या ओट्यावर १६ अँपिअरचा पॉइंट एकच, बाकी ६ अँपिअरचे. ओटीजी १५०० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. तो एक्स्टेंशनवर चालायचा आणि वायर हाताला गरम लागायची. आता एक्स्टेंशनच नाही. मोटरखालच्या उबेला दडणारी झुरळंही खूप कमी झाली, कारण ओटा भिंतीपर्यंत पुसता येतो.

विल्हेवाटीबद्दल. चालू वस्तू ओळखीत दिल्या. रोटी मेकर आणि बंद पडलेला फूड प्रोसेसर ई-कचऱ्यात. भंगारवाला वजनावर पैसे देतो, पण पुढे तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळल्या जातात, तो धूर कुणाच्या तरी छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत अशी लहान घरगुती उपकरणंही येतात आणि त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तू गोळा करते. जुना मायक्रोवेव्ह देणार असाल तर तो घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते.

दोघंच राहणाऱ्यांनी एअर फ्रायर खुशाल ठेवावा, टोपली त्यांना पुरते. पाच-सहा माणसांच्या घरात आधी फूड प्रोसेसर महिनाभर माळ्यावर टाकून बघा. खाली आणावासा वाटला, तर तो तुमच्या कामाचा आहे.