गुडघ्यात पाणी झालंय, पण नक्की कुठे?

"गुडघ्यात पाणी झालंय" हे वाक्य आपल्याकडे दोन वेगळ्या दुखण्यांना सर्रास वापरतात. एकात पाणी खरोखर सांध्यात असतं, दुसऱ्यात ते सांध्याच्या बाहेरच असतं. चार दिवस घरी थांबायचं की डॉक्टरांकडे पळायचं, हे ठरवताना आधी हा फरक बघावा.

गेल्या वर्षी आमच्याकडे फरशी बसवायला आलेल्या मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्यावर लिंबाएवढा फुगा होता. बरोबर वाटीवर, मऊ, दाबला की आतलं पाणी हलल्याचं कळे. पाय मात्र ते सहज सरळ करत, जिनाही चढत. मांडी घालताना तेवढी कातडी ताणून दुखे. त्याच सुमारास आईचाही गुडघा सुजला. तिची सूज वाटीच्या वर आणि दोन्ही अंगांना होती; वाटीच्या कडेच्या खळग्या भरून गेल्या होत्या. पाय पुरता सरळ होईना की दुमडेना.

मिस्त्रींचा होता बर्सायटिस. हाडावर कातडी किंवा स्नायूबंध घासू नये म्हणून मध्ये पातळ, चपट्या पिशव्या असतात, त्या बर्सा. शरीरात अशा दीडशेच्या आसपास आहेत. एकाच जागी रोज भार पडला की पिशवी चिडते आणि पाण्याने फुगते. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्यांना हे होतं, तसं टेबलावर कोपर टेकून बसणाऱ्यांना कोपरावर होतं. आईची होती सांध्याची झीज. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, घासली जाते, सांध्याचं आतलं अस्तर सुजतं आणि जास्तीचं पाणी सोडतं. झिजेत सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तो तासभर टिकत असेल आणि दोन्ही हातांची बोटंही सुजत असतील, तर आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) शंका घ्यावी. मग हाडांच्या डॉक्टरांपेक्षा संधिवाततज्ज्ञ गाठलेले बरे.

खांद्याला मात्र डोळ्यांचा उपयोग नाही, कारण तिथला बर्सा खोल असतो. तिथे दुसऱ्या कुणाला तरी तुमचा हात हळूच उचलायला सांगा. दुखत का होईना, पण हात वर जात असेल तर बर्सा किंवा स्नायूबंधाचा त्रास असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यानेही उचलून जात नसेल तर तो फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून बसलेला खांदा, असू शकतो, आणि मधुमेह्यांना तो जास्त होतो.

तपासणीचं म्हणाल तर झीज एक्स-रेत दिसते, बर्सातलं पाणी सोनोग्राफीत. बर्सायटिससाठी पहिल्याच भेटीत एमआरआय करून घेण्याची घाई मला तरी पटत नाही. खर्चाच्या मानाने हाती फारसं लागत नाही.

अजिबात थांबायचं नाही अशी वेळ: सूज लाल, गरम, हात लावू देत नाही आणि कधी अंगात तापही. पिशवीत असो वा सांध्यात, तो जंतुसंसर्ग असू शकतो. सांध्यातला असेल तर काही दिवसांत कूर्चा कायमची खराब होते. युरिक ॲसिडचे खडेही हुबेहूब असंच चित्र उभं करतात, म्हणून सुईने पाणी काढून तपासावं लागतं. संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये, कुणी कितीही "एका सुईत मोकळे व्हाल" म्हटलं तरी. घरी सुई टोचून फुगा रिकामा करणं तर नकोच. त्यातून जंतू आत जातात.

बाकी साध्या बर्सायटिसचं औषध म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं आणि बर्फ. मिस्त्रींनी जुन्या गादीचा स्पंज कापून गुडघ्याला बांधला, पंधरा दिवस नुसती भिंतींची कामं घेतली आणि फुगा बसला. आईला फिजिओथेरपिस्टने टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचे स्नायू आवळायला सांगितलंय. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. संध्याकाळचे मालिकेच्या नादात राहतात.